एक नंबरचा बिल्ला

फुटबॉल खेळायला दोन पाय लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी दोन हात रिकामे लागतात, हे काही ड्रायव्हरच्या डोक्यात आलं नव्हतं.

हा ड्रायव्हर म्हणजे शहरात बस चालवणारा, चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला आणि फुटबॉलचा विषय निघाला की जेवणखाण विसरणारा माणूस. त्याच्या बसचा शेवटचा थांबा निवाऱ्यासमोर. निवारा म्हणजे ज्यांना घर नाही त्यांना रात्रीपुरतं अंथरूण आणि सकाळी चहा-ब्रेड देणारी इमारत. आठ वाजले की सगळ्यांना बाहेर काढून दाराला कुलूप, ते संध्याकाळी सहाला उघडणार. मधले दहा तास माणसांनी करायचं काय? तर पिशव्या मांडीवर घेऊन थांब्यावरच्या बाकांवर बसायचं. हे रोज बसच्या आरशातून बघून बघून ड्रायव्हरचा जीव कातावला. एका मंगळवारी, रजा टाकून, तो चेंडू काखेत मारून आला आणि म्हणाला, डेपोच्या मागे सिमेंटचं आवार मोकळं आहे, चला, खेळू या.

माणसं आली की. दहा-बाराजण आले, आणि पिशव्यांसकट उभे राहिले. ड्रायव्हर म्हणाला, सामान ठेवा बाजूला. कुणी हललं नाही. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं. तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय असतं त्या पिशव्यांत? अहो, सगळं असतं! ओळखपत्र, औषधाच्या गोळ्या, एक जोड कपडे, जुनी पत्रं, आईचा फोटो. तुमची आमची पिशवी हरवली तर पिशवी हरवते. यांची हरवली तर घर हरवतं, आणि तेही दुसऱ्यांदा.

मग ते तसेच खेळले. लिफ्टमन नावाचा एक सडपातळ गडी होता. सोळा मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा, बटणाची लिफ्ट आली आणि तो खाली आला तो आलाच. तो पाठीवर सॅक घेऊन धावला, चेंडू मारायला गेला आणि उताणा पडला. उठता येईना, नुसता हातपाय हलवत राहिला. आचारी नावाचा एक आडदांड माणूस, हॉटेल बंद पडल्यापासून निवाऱ्यात. त्यानं पिशवी स्वतःच्या पायाला बांधली आणि चेंडूऐवजी तीच लाथाडत सुटला. ड्रायव्हरनं कपाळाला हात लावला.

तेव्हा बाकावरून मावशी उठल्या.

मावशी साठीला टेकलेल्या. अंगात कुणाचा तरी राखाडी कोट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि खांद्यावर एक जाड खाकी पिशवी. ही पिशवी त्या कधीच खाली ठेवत नसत. जेवताना नाही, झोपताना नाही, न्हाणीघरात जातानासुद्धा नाही. पिशवी वजनदार होती, चालताना आतून किणकिण वाजायची. निवाऱ्यात कुजबुज होती की म्हातारीकडं सोनं आहे. लोकांना काय, दुसऱ्याच्या पिशवीत सोनं दिसायला वेळ लागत नाही.

मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत पिशवीची चेन उघडली. आत पितळेचे बिल्ले होते. वाटोळे, रुपयाहून मोठे, मधोमध नंबर कोरलेले. एकेका नंबराचे दोन-दोन, सुतळीच्या जुड्यांत ओवलेले.

"एक पिशवीला बांधायचा, एक तुमच्या खिशात," त्या म्हणाल्या. "खेळून झालं की बिल्ला द्या, सामान घ्या. बावीस वर्षं हेच केलंय मी. एक रुमाल हरवला नाही माझ्याकडून."

गोष्ट अशी होती की मावशी शहरातल्या जुन्या पोहण्याच्या तलावावर सामानाच्या काउंटरला होत्या. लोक कपडे, चपला, घड्याळं त्यांच्याकडं द्यायचे आणि बिल्ला घेऊन पाण्यात उडी मारायचे. नोकरीबरोबर काउंटरमागची खोली मिळाली होती. पुढे तलाव पाडला, नोकरी गेली, नोकरीबरोबर खोलीही गेली. ठेकेदार बिल्ले भंगारात टाकायला निघाला होता, ते मावशींनी मागून घेतले. एक ते शंभर. त्रेचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी सोडून, कारण ते दोन पोरांनी तलावाच्या मोरीत घालवले होते, आणि त्या पोरांवरचा मावशींचा राग अजून गेलेला नव्हता.

सगळ्यात आधी शिवणवालीनं पुढं होऊन पिशवी दिली. ही तिशीतली, कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसायची, बोलायला फटकळ. तिला सात नंबर मिळाला. मावशींनी बिल्ला पिशवीच्या बंदाला दुहेरी गाठ मारून बांधला, पिशवी आपल्या पायांपाशी ठेवली आणि तिच्याकडं असं बघितलं की आता निश्चिंत जा. मग आचारी आला, त्याला चार. लिफ्टमनला बारा. मावशी बाकावर बसल्या, पिशव्या आपल्याभोवती मांडल्या, आणि त्या दिवशी डेपोमागच्या आवारात माणसं पहिल्यांदा हात हलवत धावली. काय धावली म्हणून सांगू! आचारी तर नुसताच गोल गोल पळत होता, चेंडू कुठंय याचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. डेपोनं जुन्या पिवळ्या बंड्यांची चळत दिली, संघाचं नाव आपोआप पिवळे पडलं. शिवणवाली गोलात उभी राहायला लागली, कारण चेंडू कितीही जोरात आला तरी ती डोळे मिटत नसे. लिफ्टमनचे पाय भलतेच चपळ निघाले. मावशी माणसांना नंबरानंच हाका मारायच्या, "ए बारा, एकटाच चेंडू घोळवत राहू नकोस, पास दे!" आणि पाठीमागं कुठली पिशवी कलंडली तर मान न वळवता सांगायच्या की चार नंबर पडली. आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज निराळा, शिवणवालीच्या कात्रीचा निराळा. सगळ्या पिशव्यांचे आवाज त्यांना पाठ होते.

फक्त त्यांची स्वतःची पिशवी खांद्यावरच. एकदा शिवणवालीनं विचारलं की मावशी, आमचं सगळ्यांचं तुम्ही सांभाळता, तुमचं कोण सांभाळणार? मावशींनी विषय बदलला. एक नंबरच्या बिल्ल्यांची जोडी त्यांच्या कोटाच्या खिशात होती. ती त्यांनी कुणालाच दिली नव्हती आणि स्वतः वापरलीही नव्हती.

आणि मग स्पर्धा जाहीर झाली. शहरातल्या आठ निवाऱ्यांचे आठ संघ, चार-चार जणांचा खेळ, आणि तो खराखुरा क्रीडासंकुलात, हिरव्या मैदानावर, लोखंडी खांबांच्या गोलांमध्ये. ड्रायव्हर आठवडाभर आधी संकुलाच्या साहेबांना भेटायला गेला, मावशींनाही बरोबर घेऊन गेला. साहेब म्हणजे तिथले व्यवस्थापक. किडकिडीत, चष्मेवाले, शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं. त्यांनी मोठ्या अभिमानानं लोखंडी कपाटांची रांग दाखवली. प्रत्येकाला कुलूप, प्रत्येकाला किल्ली. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, कपाटात कुणी सामान ठेवणार नाही. साहेबांना ते पटेना. तेव्हा मावशी म्हणाल्या की कपाटाला तोंड नसतं, त्याला जाब कोण विचारणार?

साहेब जरा हसले. मग म्हणाले, दर्शनी दालनात सामानाचं काउंटर आहे, दोन वर्षं बंद पडलंय, माणूसच टिकत नाही. ड्रायव्हर लगेच म्हणाला, हा काय समोर उभा आहे माणूस! साहेबांनी अर्ज पुढं केला आणि पेन उघडलं. नावानंतरची ओळ पत्त्याची. तिथं सगळ्यांचंच घोडं अडलं. पत्ता नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पत्ता नाही, ही तऱ्हा मावशींनी याआधी किती खिडक्यांवर बघितली होती कोण जाणे.

पण साहेब कडक असले तरी वाईट नव्हते. ते म्हणाले, नोकरीबरोबर बॉयलरशेजारची खोली मिळते, म्हणजे पत्ता इथलाच होईल. स्पर्धेच्या दिवशी काउंटर सांभाळा. दिवसभरात एक तक्रार आली नाही तर सोमवारपासून या. "मात्र काउंटर सोडायचं नाही," त्यांनी बजावलं. "एक मिनिटभरसुद्धा नाही."

जाता जाता त्यांनी खोली उघडून दाखवली. लोखंडी खाट, हातभर खिडकी, एक खुर्ची. मावशींनी आत पाऊल टाकलं नाही, उंबऱ्यावरूनच बघितलं. दाराच्या मागे भिंतीत एक लाकडी खुंटी होती. मावशी त्या खुंटीकडं इतका वेळ बघत राहिल्या की साहेबांना किल्ल्या वाजवाव्या लागल्या.

स्पर्धेचा रविवार उजाडला तोच धामधुमीत. आठ संघांची माणसं पिशव्या छातीशी कवटाळून दालनात शिरली, कपाटांकडं बघून जागच्या जागी थबकली, आणि मग पिवळ्या बंड्यांतले लोक सरळ मावशींच्या काउंटरपाशी सामान देताना त्यांना दिसले. आधी दोघं आले, मग पाच, मग नुसती झुंबड. मावशींची त्या दिवशी वीस वर्षं कमी झाली होती. गाठ मारायची, बिल्ला द्यायचा, डोळ्यांत बघायचं, पुढचा. लाल बंडीतला एक पांढऱ्या दाढीचा सुतार दोनदा रांगेतून परत फिरला. त्याच्या पिशवीत हत्यारं होती. शेवटी तिसऱ्यांदा आला, पिशवी फळीवर ठेवली, पण बंद काही सोडेना. मावशींनी घाई केली नाही. पिशवीला अठरा नंबर बांधला, दुसरा त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ मिटली. सामान माझ्या नजरेखाली राहील, त्या म्हणाल्या. तेव्हा कुठं त्यानं बंद सोडला. दहा वाजेपर्यंत सत्तावन्न पिशव्या झाल्या.

आणि मैदानावर काय चाललं होतं! पिवळ्यांनी पहिली मॅच चार-एकनं मारली. काउंटरवरून मैदान दिसत नव्हतं, नुसता कल्ला ऐकू यायचा आणि मावशींचे पाय फळीखाली आपोआप हलायचे. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी धापा टाकत बातमी घेऊन यायचा. लिफ्टमननं तिघांना चकवलं! आचाऱ्यानं डोक्यानं अडवलं, आता त्याला सगळं दोन-दोन दिसतंय! उपांत्य फेरीसुद्धा जिंकली, आणि ती बातमी सांगताना ड्रायव्हरचा आवाज इतका बसला होता की त्यानं शेवटी बोटांनीच आकडे दाखवले.

पण पुढच्या खेपेला तो आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. शिवणवाली त्याच्या खांद्यावर हात टाकून एका पायावर उड्या मारत होती. शेवटचा चेंडू अडवताना तिचा घोटा मुरगळला होता आणि टरारून सुजला होता. पिवळ्यांचे मुळात आले होते चारच. बाकीच्यांना त्याच दिवशी रंगाचं काम लागलं होतं, आणि कामाला नाही म्हणायची सोय त्या लोकांना नसते. नियम असा की मैदानात चार माणसं उभी राहिलीच पाहिजेत, नाहीतर अंतिम सामना समोरच्या लाल संघाला. ड्रायव्हर स्वतः उतरायला तयार होता, पण त्याला घर होतं. त्या अख्ख्या संकुलात घर असल्यामुळे बाद झालेला तो एकटा माणूस!

"यादीत अजून एक नाव आहे," ड्रायव्हर चाचरत म्हणाला. "आठ नावं भरायची होती. म्हणून मी तुमचं टाकलं होतं."

 मावशींच्या डोळ्यांपुढं ती खुंटी आली. एक मिनिटभरसुद्धा नाही, असं साहेब म्हणाले होते. साहेबांना विचारावं तर ते पाहुण्यांना आणायला फाटकापर्यंत गेलेले. शिवणवाली म्हणाली, मी बसते की काउंटरवर, पाय मोडलाय, डोळे शाबूत आहेत. मावशींनी मान हलवली. माझ्या नजरेखाली राहील असं मी सत्तावन्नजणांना बोललेय, त्या म्हणाल्या, तुझ्या नजरेखाली नाही. बरोबरच होतं ते. पण बाहेर लिफ्टमन, आचारी आणि संघातला चौथा गडी भिंतीला टेकून बसले होते, आणि आचाऱ्यानं बंडी काढून घडीसुद्धा घालून ठेवली होती. त्या घडीकडं बघून मावशींना भडभडून आलं. बाई गं, त्यांना वाटलं, या माणसांना हात रिकामे करून धावायला आपणच शिकवलं, आणि आता आपणच बसवून ठेवायचं?

त्या ताडकन उठल्या. पंचांकडून पंधरा मिनिटं मागून आण, असं त्यांनी ड्रायव्हरला फर्मावलं. मग दालनाच्या दारात उभ्या राहून त्यांनी तलावावरचा आपला जुना आवाज लावला. दोन नंबर! तीन! चार! ज्यानं त्यानं बिल्ला दाखवायचा, आपली पिशवी उचलायची आणि गोलाच्या जाळीमागं लोखंडी कठडा आहे तिथं नंबरवारीनं अडकवायची. आठ संघांची माणसं, जिंकलेली आणि हरलेली, रांगेत लागली. कठड्यावर सत्तावन्नच्या सत्तावन्न पिशव्या लटकल्या.

आणि शेवटी राहिली मावशींची. खांद्यावर उरलेलं पितळ आणि अख्खा संसार घेऊन गोल अडवता येत नाही. मावशींनी खिशातून एक नंबरची जोडी काढली. पण स्वतःच्या पिशवीला गाठ बसेना. शिवणवालीनं लंगडत येऊन ती गाठ मारली, पिशवी त्यांच्या खांद्यावरून अलगद उतरवून घेतली, कठड्याच्या पहिल्या टोकाला अडकवली आणि तिच्याखालीच खुर्ची घेऊन बसली. दुसरा बिल्ला मावशींनी बुटात घातला. खांदा इतका हलका झाला की त्यांना एका बाजूला कलल्यासारखं वाटायला लागलं.

तेवढ्यात साहेब आले. दालन रिकामं, काउंटर रिकामं! ते तरातरा मैदानावर आले, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"काउंटर सोडलंत?"

"नाही सोडलं, साहेब," मावशी पिवळी बंडी कोटावरूनच चढवत म्हणाल्या. "ती लाकडाची फळी म्हणजे काउंटर नव्हे. सामान आणि मी जिथं असू, तिथं काउंटर."

साहेबांनी तोंड उघडलं, पण शिट्टी वाजली.

मावशींना फुटबॉलमधलं काय येत होतं? काही नाही. पण समोरून येणाऱ्या माणसाकडं बघायचं आणि पाठीमागचं सामान सांभाळायचं, हे बावीस वर्षांत हाडीमाशी भिनलेलं. पहिला फटका आला तो पोटात बसला आणि त्यांनी चेंडू असा धरला जसं कुणी गर्दीत गाठोडं त्यांच्याकडं फेकलंय. लोक ओरडले. दुसरा गुडघ्यानं अडवला, तिसरा बुटानं. पाठीमागं सत्तावन्न आणि एक, एवढंच त्यांच्या डोक्यात. अर्थात सगळे काही अडले नाहीत, दोन गेले आतमध्ये. पण तिकडं लिफ्टमनच्या अंगात संचारलं होतं. त्यानं एक गोल फेडला, मग आचाऱ्यानं अर्ध्या मैदानावरून डोळे मिटून एक हाणला तो थेट जाळीत, आणि आचारी स्वतःच सगळ्यांना विचारत सुटला की कुणी मारला. दोन-दोन! शिवणवाली खुर्चीवर एका पायावर उभी राहिली होती. ड्रायव्हर बघतच नव्हता, तोंड झाकून नुसता बोटांच्या फटीतून विचारत होता, किती राहिलं, किती राहिलं.

शेवटचं मिनिट. लालवाल्यांचा एक फटका गोलाच्या वरून गेला आणि कठड्यावर आदळला. कठडा थडथडला, पण पिशव्या राहिल्या. चेंडू परत आला, मावशींनी तो आचाऱ्याकडं दिला, आचाऱ्यानं लांब लिफ्टमनकडं, आणि लिफ्टमन सुटला. आणि तेवढ्यात, त्या हादऱ्यानं सैल झालेली एक पिशवी पाठीमागं धाडकन खाली पडली.

असा आवाज झाला की अख्खं मैदान थिजलं. पिवळे, लाल, बाहेर बसलेले, झाडून सगळ्यांच्या माना कठड्याकडं वळल्या. चेंडू गेला खड्ड्यात, आपली तर नाही ना पडली? फक्त लिफ्टमन धावत राहिला, कारण त्याच्या पिशवीत वाजण्यासारखं काही नव्हतंच. पलीकडच्या टोकाला लालवाल्यांच्या गोलात तो सुतार होता. स्वतःच्या पटाशी-रंध्याचा आवाज सुतार ओळखणार नाही तर कोण? तो गोल सोडून दोन पावलं बाजूला आला, टाचा वर करून इकडं बघत राहिला. त्याच्यामागं गोल सताड उघडा. लिफ्टमन आणि गोल यांच्यामध्ये कुणी नाही.

मावशींनी मागं वळून बघितलं नाही. आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. त्या फक्त सुताराचा चेहरा बघत होत्या. तळहातावर बिल्ला ठेवताना बघितला होता तोच चेहरा. गप्प बसल्या असत्या तर करंडक पिवळ्यांचा होता. पण मावशींना गप्प बसता आलं नाही.

"अठरा!" त्या सगळ्या ताकदीनिशी ओरडल्या. "तुझी पिशवी पडलीय. मी आहे इथं! तू समोर बघ!"

सुतारानं समोर बघितलं. लिफ्टमनचा पाय चेंडूवर पडला आणि त्याच क्षणी सुतार आडवा झाला. चेंडू त्याच्या छातीवर आपटून उडाला, एका लाल बंडीच्या पायात पडला, तो पोरगा वाऱ्यासारखा इकडं आला, त्यानं मारला. मावशींनी अंग झोकून दिलं. चेंडूला बोटं लागली, पण चेंडू आत गेला. शिट्टी. तीन-दोन.

आचारी भडकला. भडकणारच की. मावशी, तुम्ही खेळत होता तरी कुणाच्या बाजूनं, असं त्यानं गवतावर आडव्या पडलेल्या मावशींना विचारलं.

"त्याच्या मुठीत माझा बिल्ला होता रे," मावशी म्हणाल्या.

आचारी थोडा वेळ धुमसला. मग त्यानं नकळत स्वतःच्या खिशावर हात ठेवला, तिथला चार नंबर चाचपला, आणि वाकून मावशींना हात देऊन उठवलं.

मग पिशव्या पुन्हा फळीमागं आणल्या आणि सामान परत द्यायची वेळ झाली. साहेब वही घेऊन काउंटरशेजारी येऊन उभेच राहिले. प्रत्येकाला विचारायचे, तक्रार? नाही. पुढचा. तक्रार? नाही. मावशींचा जीव मात्र अठरा नंबरात अडकला होता. सुतार सगळ्यात शेवटी आला, गळ्यात पदक. त्यानं पिशवी फळीवर उघडली, एकेक हत्यार काढून बघितलं. पटाश्या ठीक होत्या. रंध्याची मूठ मात्र उभी तडकली होती. साहेबांनी पेन उघडलं. लाल रंगाचं.

"लिहा, साहेब," मावशीच म्हणाल्या. "माझ्या ताब्यात असताना पडली."

सुतारानं मुठीवरून अंगठा फिरवला. "मूठ काय, मी सुतार आहे, बसवीन दुसरी," तो म्हणाला. "पण नऊ वर्षं झाली मला रस्त्यावर येऊन. सामानाकडं मी बघते, तू समोर बघ, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. लिहायचंच असेल तर हे लिहा."

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मावशींकडं बघितलं, लाल पेन मिटलं आणि निळं काढलं. काय लिहिलं ते कुणाला दिसलं नाही, पण बराच वेळ लिहीत होते. मग वही मिटून इतकंच म्हणाले की सोमवारी सातला या, उशीर चालत नाही. ड्रायव्हर तिथल्या तिथं खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. पिवळे हरले तेव्हा नाही रडला तो!

मंगळवारी डेपोमागच्या आवारात सगळे नेहमीसारखे जमले. शिवणवालीच्या पायाला पट्टी होती. लिफ्टमन मावशींशी दोन दिवस जरा फुरंगटूनच होता, पण तोही आपली सॅक घेऊन आला होता. मावशी दुपारच्या सुट्टीत आल्या, त्या बसमधून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. उतरल्या, चालत आल्या, बाकावर बसल्या. बिल्ल्यांच्या जुड्या कोटाच्या दोन्ही खिशांत ठासून भरलेल्या, चालताना किणकिण वाजत होत्या. पण काहीतरी चुकल्यासारखं दिसत होतं. आधी कुणाच्या ध्यानात येईना. मग शिवणवालीनं तोंडावर हात ठेवला. खांदा रिकामा होता.

"मावशी," ती घाबरून म्हणाली, "तुमची पिशवी कुठंय?"

मावशींनी दोन्ही हात मोकळे सोडले, एकदा पुढं, एकदा मागं हलवून बघितले.

"घरी आहे," त्या म्हणाल्या. "खुंटीला."